जुन्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका : छापलेले खरे मानावे की वाजलेले?

प्रश्न – वाचनकक्ष

नमस्कार. गेले चार महिने मी एका ग्रंथालयाच्या अभिलेखागारात बसून जुन्या मैफलींच्या छापील कार्यक्रमपत्रिका वाचतो आहे. पुठ्ठ्याचे अकरा खोके आहेत आणि त्यांत एकाच वाद्यवृंदाच्या, साधारणपणे १८९० ते १९२५ या काळातल्या पत्रिका आहेत. ग्रंथालयाच्या सूचीत या सगळ्या ऐवजाविषयी ‘संगीत, किरकोळ छापील कागद’ एवढी एकच नोंद आहे. त्यामुळे कोणत्या खोक्यात काय आहे, हे प्रत्येक खोका उघडल्यावरच कळते.

मी संगणकावर एक तक्ता केला आहे. त्यात तारीख, संगीतकार, रचना, संचालक आणि एकलवादक असे रकाने आहेत. पहिल्या दोन खोक्यांपर्यंत काम सुरळीत चालले, पण आता जवळजवळ प्रत्येक कागदावर अडायला होते. निम्म्याअधिक पत्रिकांवर वार आहे, तारीख आहे, महिना आहे, वेळही आहे. वर्ष मात्र नाही. त्या रात्री सभागृहात आलेल्या माणसाला वर्ष सांगण्याची गरज नव्हती हे मला समजते, पण माझे काम त्यामुळेच खोळंबते. रचनांची नावेही अनेकदा ‘ओव्हर्चर’ (प्रारंभीची वाद्यवृंदरचना), ‘आरिया’ (एकल गीत), ‘सिंफनी, सी मायनर’ (अनेक भागांची वाद्यवृंदरचना आणि तिची स्वरपट्टी) इतकीच त्रोटक असतात.

आज हाती आलेल्या एका पत्रिकेचे उदाहरण देतो. वर ‘शुक्रवार, १४ मार्च, रात्री आठ वाजता’ असे छापले आहे. सुरुवातीला बेथोव्हनचा एक ओव्हर्चर, मग व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), मध्यंतर, आणि उत्तरार्धात देब्युसी या फ्रेंच संगीतकाराची ‘ला मेर’ ही वाद्यवृंदरचना. कॉन्चेर्तोच्या ओळीवर बोटभर रुंदीची छापील चिठ्ठी डिंकाने चिकटवली आहे. व्हायोलिनवादकाची प्रकृती बरी नसल्यामुळे त्याच्या जागी एक पियानोवादिका वाजवणार असल्याचे तिच्यावर म्हटले आहे. चिठ्ठीखालची मूळ ओळ उजेडासमोर धरल्यावर पुसट दिसते. ‘ला मेर’समोर कोणीतरी पेन्सिलीने ‘९.१०–९.३४’ असे लिहिले आहे. याच पत्रिकेची दुसरी प्रतही खोक्यात आहे. तिच्यावर चिठ्ठी नाही, पण मूळ व्हायोलिन कॉन्चेर्तोवर पेन्सिलीची फुली आहे, आणि समासात दोन अक्षरे व एक आकडा आहे. तो बहुधा आसनक्रमांक असावा.

छापलेला मजकूर तेवढा नोंदवावा, बाकीच्या खुणा म्हणजे प्रेक्षकांच्या रेघोट्या आहेत, असा सल्ला मला एका अनुभवी स्नेह्यांनी दिला आहे. तो मनाला पटत नाही, पण तो का पटत नाही हेही मला नेमके सांगता येत नाही. अशा कागदांवरून संगीताचा इतिहास खरोखर लिहिता येतो, की शेवटी हाती कार्यक्रमांची लांबलचक यादीच उरते?

उत्तर – दप्तरदार

मी अभिलेखागारात काम करतो, म्हणून आधी हाताळणीविषयी थोडे सांगतो आणि मग मुद्द्याकडे वळतो. खोक्यातला क्रम बदलू नका, तो चुकीचा वाटला तरीही. पत्रिका ज्या क्रमाने ठेवल्या गेल्या त्या क्रमातच त्या कोणी आणि कशासाठी जमवल्या याची खूण असते, आणि एकदा क्रम मोडला की ती परत मिळत नाही. गंजलेल्या टाचण्या स्वतः काढू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. हातमोजे घालण्याचीही गरज नाही. कागदासाठी स्वच्छ, कोरडे हातच चांगले, कारण मोज्यांमुळे बोटांना कडा नीट जाणवत नाहीत आणि ठिसूळ पान फाटते. लिहिण्यासाठी मात्र फक्त पेन्सिल वापरा.

आता तुमच्या दोन प्रतींविषयी. एकाच पत्रिकेच्या दोन प्रती म्हणजे ‘एक मूळ आणि एक जादा’ असे समजू नका. त्या दोन वेगळ्या माणसांच्या हातात होत्या, म्हणून त्या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. जागेच्या अडचणीमुळे अनेक संग्रहांतून पूर्वी जादा प्रती काढून टाकल्या गेल्या, आणि त्यांबरोबर समासातले लेखनही गेले. तुमच्या तक्त्यात प्रत्येक प्रतीला वेगळी ओळ द्या, आणि ‘छापील मजकूर’, ‘चिकटवलेला मजकूर’ व ‘हस्तलिखित खुणा’ असे तीन स्वतंत्र रकाने करा. खुणेचा अर्थ आज लागला नाही तरी ती दिसते तशीच उतरवून ठेवा. तुम्ही ‘बहुधा आसनक्रमांक’ म्हटले आहे, तो तुमचा अर्थ झाला. नोंदीत आधी अक्षरे येऊ द्या, अर्थ नंतर.

उत्तर – खर्ज

तुमच्या स्नेह्यांचा सल्ला का पटत नाही, याचे माझ्या मते एकच कारण आहे. कार्यक्रमपत्रिका मैफलीच्या आधी छापली जाते. ती आयोजकांनी श्रोत्यांना दिलेला शब्द असते. तो शब्द पाळला गेला की नाही, हे त्या छापील पानाला ठाऊक असणे शक्यच नसते. घडलेल्या मैफलीचा पुरावा मिळतो तो चिठ्ठीत, फुलीत, पेन्सिलीने लिहिलेल्या वेळेत आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात संगीतकार शोनबर्ग यांच्या संचालनाखाली झालेली मैफल. पत्रिकेत वेबर्न, झेमलिन्स्की, स्वतः शोनबर्ग आणि बेर्ग यांच्या रचना होत्या, आणि शेवटी मालर यांची ‘किंडरटोटेनलीडर’ ही गीतमाला होती. बेर्ग यांची गीते चालू असताना श्रोत्यांत एवढा गोंधळ माजला, हातघाईपर्यंत गोष्टी गेल्या, की मैफल तिथेच थांबवावी लागली आणि मालर यांची गीते गायलीच गेली नाहीत. आता कोणी केवळ छापील पत्रिकांवरून मालर यांच्या रचना कुठे कुठे सादर झाल्या याचा तक्ता केला, तर त्या रात्रीचे न झालेले गायनही त्यात जाऊन बसेल. तक्ता नेटका दिसेल आणि चूक कोणाच्याही लक्षात येणार नाही.

रचनांच्या त्रोटक नावांविषयीही सावध राहायला हवे. २२ डिसेंबर १८०८ रोजी बेथोव्हनने व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये सुमारे चार तास चाललेली मैफल केली. आपण आज ज्यांना पाचवी आणि सहावी सिंफनी म्हणतो त्या दोन्ही त्या रात्री प्रथम सादर झाल्या. पण मैफलीच्या जाहिरातीत ग्रामीण जीवनाच्या आठवणींची, एफ मेजरमधली सिंफनी ‘क्रमांक ५’ आहे, आणि सी मायनरमधली ‘क्रमांक ६’. आजचे क्रमांक १८०९ मध्ये छापील आवृत्तीबरोबर रूढ झाले. म्हणून पत्रिकेतल्या क्रमांकापेक्षा स्वरपट्टीकडे (सी मायनर, एफ मेजर) पाहावे. तुम्हाला ‘सिंफनी, सी मायनर’ हे अपुरे वाटते आहे, पण तिथे नुसता क्रमांक असता तर तो अधिक फसवा ठरण्याची शक्यता होती.

‘सादर झाली’ या शब्दांचा अर्थही काळानुसार बदलत आला आहे. मोझार्टने २३ मार्च १७८३ च्या आपल्या मैफलीविषयी वडिलांना लिहिलेल्या पत्रात सारा कार्यक्रम क्रमवार दिला आहे. ‘हाफनर’ सिंफनीचे पहिले तीन भाग सुरुवातीला वाजले, मग आरिया, कॉन्चेर्तो आणि इतर रचना झाल्या, आणि त्या सिंफनीचा शेवटचा भाग मैफलीच्या अगदी शेवटी वाजला. त्या काळातल्या श्रोत्यांना यात काही वावगे वाटत नव्हते. एक सिंफनी सलग, शांतपणे, मध्ये टाळ्या न वाजवता ऐकायची असते ही समजूत पुढच्या शतकात हळूहळू रुजली, आणि ती कशी रुजली हे पत्रिकांची लांब मालिका ओळीने वाचल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. एक पत्रिका एका रात्रीविषयी सांगते, पण पस्तीस वर्षांच्या पत्रिका ओळीने लावल्या की आवड कशी बदलत गेली ते दिसू लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या मैफलींत बहुतेक संगीत हयात संगीतकारांचे असे. शंभर वर्षांनंतर त्याच सभागृहांत दिवंगत संगीतकारांचे पारडे कितीतरी जड झाले होते. लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात १७८१ पासून मैफली होत आल्या आहेत, आणि तिथे १८३५ मध्ये संचालक झालेल्या मेंडेल्सोनने तर ‘ऐतिहासिक मैफली’ अशी मालिकाच सुरू केली. ‘अभिजात संगीत’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो ते असे मैफलीमागून मैफल, पत्रिकेमागून पत्रिका घडत गेले. तुमच्या तक्त्यात संगीतकाराच्या जन्म-मृत्यूची वर्षे घाला आणि प्रत्येक हंगामात हयात किती, दिवंगत किती, एवढेच मोजून पाहा.

एका व्यक्तीचा संग्रहही असेच बोलतो. क्लारा शुमानने वयाच्या नवव्या वर्षी, २० ऑक्टोबर १८२८ रोजी गेवांडहाउसमध्ये प्रथम वाजवले, आणि तेव्हापासून १८९१ पर्यंतच्या तिच्या मैफलींच्या १३०० च्या आसपास पत्रिका जपल्या गेल्या. त्या आज झ्विकाउ इथल्या शुमान-भवनात आहेत. लहानपणीच्या कार्यक्रमांत काल्कब्रेनर, हर्त्स यांच्या बोटांची चपळाई दाखवणाऱ्या रचना दिसतात; पुढे बाख, बेथोव्हन, शोपँ आणि तिचा पती रॉबर्ट शुमान यांच्या रचनांनी ती जागा घेतली. एका कलावतीने आपल्या श्रोत्यांना साठ वर्षांत कुठून कुठे नेले, हे त्या कागदांवरून पाऊल-पाऊल पाहता येते. (शोध घेताना लक्षात ठेवावे की १८४० पर्यंतच्या पत्रिकांवर तिचे नाव क्लारा वीक असे आहे. स्त्री कलावंतांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशा दोन्ही नावांनी शोधल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.)

तुमच्या पत्रिकांत रचनांची माहिती देणारी टिपणे असतील तर तीही वाचा. लंडनमध्ये जॉन एला यांनी १८४५ मध्ये ‘म्युझिकल युनियन’ सुरू केली आणि रचनेचे विवेचन करणारी पत्रिका सभासदांना मैफलीच्या आधीच घरपोच पाठवण्याची प्रथा पाडली, म्हणजे ते तयारीनिशी ऐकायला येत. क्रिस्टल पॅलेसच्या मैफलींसाठी जॉर्ज ग्रोव्ह यांनी १८५६ पासून सुमारे चाळीस वर्षे अशी टिपणे लिहिली. ते व्यवसायाने अभियंते होते, आणि संगीताचा सुप्रसिद्ध कोश पुढे त्यांनीच संपादित केला. श्रोत्याने काय ऐकावे, कशाकडे दुर्लक्ष करावे, हे या टिपणांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले आहे.

उत्तर – मंद्रसप्तक

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाने हा धागा वाचला तर त्याला ही सारी श्रीमंती वाटेल, कारण आमच्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचे नाव, साथीदारांची नावे आणि वेळ याहून अधिक सहसा काही नसते. कोणता राग गायचा हे कलावंत बहुधा तानपुरे जुळताना, समोरचे श्रोते आणि घटका पाहून ठरवतो. ते आठ दिवस आधी छापखान्याला कसे कळणार? त्यामुळे एखाद्या थोर गायकाने अमुक वर्षी काय गायिले याचा शोध श्रोत्यांच्या रोजनिशा, वर्तमानपत्रे आणि नभोवाणीच्या कार्यक्रमांच्या नियतकालिकांतून घ्यावा लागतो. ऑल इंडिया रेडिओचे ‘द इंडियन लिसनर’ हे पाक्षिक या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण प्रसारणाच्या शिस्तीमुळे त्यात गायकाच्या नावापुढे अनेकदा रागाचे नावही छापलेले सापडते. अर्थात तोही आधी छापलेला शब्दच, म्हणून खर्ज यांनी दिलेला इशारा तिथेही लागू पडतो.

पण पत्रिकेतले मौनही काही सांगत असते. शोनबर्ग यांनी १९१८ मध्ये व्हिएन्नात खासगी सादरीकरणांसाठी जी संस्था काढली, तिच्या मैफलींत काय वाजणार हे सभासदांना आधी कळवले जात नसे आणि टाळ्यांनाही मनाई होती. नाव पाहून श्रोत्यांनी यावे किंवा टाळावे हेच त्यांना नको होते. म्हणून एखाद्या पत्रिकेत जे छापलेले नाही ते का नाही, हेही विचारावे. आणि ‘वन्स मोअर’ विसरू नका. संगीत नाटकात एकेका पदाला श्रोत्यांनी किती वेळा परत बोलावले यावर त्या पदाची लोकप्रियता ठरत असे, पण ते कोणत्याही हस्तपत्रिकेत छापलेले मिळणार नाही. मैफलीतला सर्वांत उत्कट क्षण नेमका छपाईच्या बाहेर राहतो.

उत्तर – तिथीवार

तुमच्या शुक्रवार, १४ मार्चचे वर्ष काढता येईल असे वाटते. तारीख आणि वार यांची जोडी ठरावीक अंतराने, बहुधा ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते. १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे त्याच्या आसपास हे अंतर बदलते, आणि तयार तक्ते वापरणारे अनेकजण तिथेच चुकतात. १८९० ते १९२५ या काळात १४ मार्चला शुक्रवार फक्त पाच वेळा आला : १८९०, १९०२, १९१३, १९१९ आणि १९२४.

‘ला मेर’ पॅरिसमध्ये १५ ऑक्टोबर १९०५ रोजी प्रथम वाजली, म्हणून पहिली दोन वर्षे आपोआप गळतात. उरली तीन. देब्युसी यांचे निधन २५ मार्च १९१८ रोजी झाले, तेव्हा टिपणात त्यांचा उल्लेख हयात माणसासारखा आहे की दिवंगतासारखा, हे पाहा. त्यावरून १९१३ राहील किंवा जाईल. मग मलपृष्ठावरच्या जाहिराती वाचा. इतिहासाचे अभ्यासक जाहिरातींची पाने घाईने उलटतात, पण छापलेल्या तारखेच्या खालोखाल कालनिर्णयासाठी मला त्यांचाच आधार वाटतो. घोडागाडीची जागा मोटारीने घेतलेली दिसते, दूरध्वनी क्रमांकांतले आकडे वाढत जातात, आणि बिनतारी संचाची जाहिरात असेल तर तुम्ही १९२० नंतरच्या काळात आहात असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, कारण सर्वसामान्यांसाठी नियमित नभोवाणी प्रसारण त्याच सुमारास सुरू झाले.

आणखी एक सूचना. पत्रिका रशियातली असेल तर हे गणित तसेच वापरू नका, कारण तिथे १९१८ पर्यंत जुनी दिनदर्शिका होती आणि विसाव्या शतकात तिचे अंतर १३ दिवसांचे होते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – वाचनकक्ष

सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर त्याच दोन प्रती घेऊन बसलो होतो.

टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदात देब्युसी यांचा उल्लेख ‘दिवंगत’ असा स्पष्ट आहे, त्यामुळे १९१३ गेले. मलपृष्ठावर पियानोच्या दुकानाशेजारी कानाला लावायच्या हेडफोनसह बिनतारी संचाच्या जाहिरातीची चौकट आहे. तेव्हा १९१९ ही बाजूला ठेवले आणि १५ मार्च १९२४ च्या वर्तमानपत्राची सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) मागवली. तिसऱ्या स्तंभात त्या मैफलीचे परीक्षण मिळाले. पियानोवादिकेने आयत्या वेळी येऊन एकही तालीम न करता कॉन्चेर्तो वाजवल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे चिठ्ठी खरी ठरली, आणि दुसऱ्या प्रतीवरची फुलीही. ‘ला मेर’चे चोवीस मिनिटांचे मोजमाप या रचनेच्या आजच्या सादरीकरणांच्या वेळेशी जुळते, म्हणजे तो श्रोता घड्याळ पाहूनच लिहीत होता. खर्ज यांनी सुचवलेले मृत्यूवर्षांचे रकाने घालायला सुरुवात केली आहे, पण त्याबद्दल काही सांगण्याइतक्या ओळी अजून भरलेल्या नाहीत.

ज्याला मी आसनक्रमांक समजत होतो त्याविषयी मात्र मला लिहिलेच पाहिजे. परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत म्हटले आहे की टाळ्या थांबेनात, तेव्हा वादिकेने शोपँच्या दोन छोट्या रचना वाजवल्या. समासातली दोन अक्षरे शोपँच्या नावाची पहिली दोन अक्षरे आहेत आणि पुढचा आकडा २ आहे. अक्षरे वाकडीतिकडी आहेत आणि आकड्याची शेपटी कागदाच्या कडेबाहेर गेली आहे. वाजणे चालू असतानाच, बहुधा मांडीवर पान ठेवून, कोणीतरी ते घाईने टिपले असावे. दप्तरदार यांचे ऐकून मी जुनी नोंद खोडली नाही. ‘बहुधा आसनक्रमांक’ हे शब्द तसेच ठेवून त्यांच्यापुढे कालची तारीख आणि नवा अर्थ लिहिला आहे. आता पहिल्या दोन खोक्यांतल्या पत्रिका पुन्हा काढायच्या आहेत, कारण तिथल्या समासांतले आकडे मी उतरवलेच नव्हते.